सोनेरी अक्रोडातल्या चार गोळ्या

दानुताबाईंच्या घरातून काही बाहेर फेकलं जात नसे. नाताळ जवळ आला की फुंकून रिकामी केलेली अंड्यांची कवचं, चॉकलेटची चांदी, औषधाच्या पाकिटांचा चकचकीत पत्रा, सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर येई. यंदा त्यांनी बालवाडीतल्या नाताळच्या झाडासाठी चोवीस अक्रोड सोनेरी रंगवले. टरफलांत बेदाणे घालून ती डिंकानं पुन्हा चिकटवली आणि काल नेऊन टांगलीही.

आज सकाळी पत्र्याचे तारे खिडकीत लावताना त्यांचा हात थबकला. कापण्याआधी त्या पाकिटातून दिवंगत नवऱ्याच्या हृदयविकाराच्या चार गोळ्या त्यांनी काढल्या होत्या, औषधाच्या दुकानातल्या जुन्या औषधांच्या पेटीत टाकायला. ठेवल्या कुठे? हाताशी होतं त्या अर्ध्या टरफलात. मग दारावरची घंटा वाजली, आणि परत येऊन त्यांनी डिंक लावला.

साडेनऊ झाले होते. दहाला मुलं अक्रोड फोडणार होती.

कॉफी मागायला आलेली शेजारची लुत्सिना, जन्मभर नर्स राहिलेली, दारातच थांबली. "काय गं, चेहरा का असा पांढराफटक?"

दानुताबाईंनी कसंबसं सांगितलं. "मी गुपचूप जाऊन बदलून आणते. कळलं तर म्हणतील, म्हातारीनं कचरा आणून पोरांना विष घातलं."

"आणि तुझी बस येईपर्यंत पोरं काय करतील? फोन लाव."

"तोंड दाखवायला जागा उरणार नाही गं मला."

"तुझ्या तोंडाचं नंतर बघू. चार वर्षांच्या पोराच्या पोटात ते औषध गेलं तर काय होतं, मी पाहिलंय. लाव फोन."

नंबर दोनदा चुकला. अखेर बालवाडीच्या इर्मिनाबाईंचा आवाज आला.

"अक्रोडांना कुणाला हात लावू देऊ नका! एकात औषध गेलंय, माझ्याकडून!"

पलीकडे मुलांचा गलका होता आणि त्यातच टरफल फुटल्याचा आवाज. "याग्ना, थांब, तोंडात घालू नकोस!" मग काहीच ऐकू येईना.

"बेदाणे आहेत," इर्मिनाबाई म्हणाल्या. "बाकीचे काढून घेते."

तासाभरानं दोघी मैत्रिणींनी बालवाडीत बसून एकेक अक्रोड फोडला. एकोणिसाव्यात चार पांढऱ्या गोळ्या निघाल्या. दानुताबाई तिथंच रडल्या.

दुपारी मुलांना न्यायला आलेल्या आईबापांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि सगळं स्वतः सांगितलं. काही जण रागावले, आणि ते योग्यच होतं. शेवटी याग्नाची आई म्हणाली, "तुम्ही गप्प बसला असतात तर?"

मंडळी, घरातल्या टाकाऊ वस्तूंनी सण जरूर सजवा, पण औषधाच्या पाकिटाला कात्री लावण्याआधी उरलेलं औषध पेटीत पोचवा. आणि चूक झालीच, तर लाजेपायी एक क्षणही दवडू नका.

पुढच्या वर्षी बालवाडीनं दानुताबाईंकडूनच अक्रोड मागवले. त्यांनी डिंक वापरला नाही. टरफलं लाल दोऱ्यानं बांधली आणि इर्मिनाबाईंच्या हाती देत म्हणाल्या, "आधी एकेक उघडून बघा. माझ्यावर विसंबू नका."