खालून दुसरी ओळ

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे. शाळेतला नव्हे, त्यामुळे माझ्यावर कोणी गणितं सोडवली नाहीत. पनवेलहून उरणकडे जाताना औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक कारखाना लागतो. त्याच्या फाटकातून आत आलं की समोरच्या भिंतीवर मी दोन हुकांना लटकलेला दिसतो. कुठलं खातं कुठे आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. नेमकं तेच एकदा मला जमलं नाही. ते आठवलं की आजही भिंतीत तोंड खुपसावंसं वाटतं.

मला काशीराम पेंटरने घडवलं. शेजारच्याच गावचा माणूस, कारखान्याखाली गेलेल्या जमिनीत त्याच्या भावकीचीही शेतं होती. सागाच्या दोन फळ्या जोडून, त्या घासून गुळगुळीत करून त्याने माझ्यावर ठसठशीत मराठी अक्षरं आणि दिशा दाखवणारे बाण काढले. कचेरी, हिशेब, भांडार, दुरुस्ती, जेवणघर, दवाखाना. दवाखान्याच्या पुढे एक लाल फुली काढून तो म्हणाला, "ज्याला वाचता नाय येत, त्याला खूण तरी दिसंल." तेव्हा मला ती फुली जरा गावठीच वाटली होती. माझं डोकं तेव्हापासूनच असं.

बारा वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. गावातली माणसं माझ्यासमोर थांबायची, बोट लावून वाचायची आणि पुढे जायची. त्या बोटांचे तेलकट डाग माझ्यावर पडायचे. मी कुरकुरायचो. मला काय ठाऊक, तेच माझं कौतुक होतं!

मग इंद्रजीत साहेब व्यवस्थापक होऊन आले. परदेशी पाहुणे येणार म्हणून सगळं चकाचक करायचं ठरलं. कचेरीतल्या कुमुद मॅडमनी संगणकावरून खात्यांच्या इंग्रजी नावांची एक यादी काढली. मॅडम तशा चांगल्या, पण मोठ्या शब्दांची त्यांना भारी हौस. मला उतरवलं, उलटं केलं आणि कोऱ्या पाठीवर निळा रंग देऊन पांढरी इंग्रजी अक्षरं चिकटवली. वर ह्यूमन रिसोर्सेस, अकाउंट्स, प्रोक्युअरमेंट. मग एक रेघ. रेघेखाली सपोर्ट सर्व्हिसेस, म्हणजे मदतीची खाती. त्यांत खालून दुसरी ओळ होती ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर. म्हणजे आपला दवाखाना. लाल फुली 'बरी दिसत नाही' म्हणून गेली. काशीरामची अक्षरं भिंतीकडे तोंड करून अंधारात गेली.

मी मात्र फुगलो. येणारेजाणारे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. गावातली माणसं आता माझ्यासमोर थांबेनाशी झाली, मान खाली घालून निघून जायची. मला वाटलं, आदर वाढला.

त्याच आठवड्यात दवाखाना फाटकाजवळून हलवून भांडाराच्या मागे नेला. तशी सूचना सगळ्यांना ईमेलने गेली. आता जेवणघरात ईमेल कोणाला येतो, सांगा बरं?

पाहुणे यायच्या दिवशी जेवणघरात भजी तळायला घेतली होती. कढई कलंडली आणि उकळतं तेल जनीताईच्या उजव्या हातावर सांडलं. जनीताई तिथली जुनी स्वयंपाकीण. तिच्यासोबत काम करणाऱ्या जगनने तिचा हात नळाखाली धरला आणि तिला घेऊन तो फाटकाजवळच्या दवाखान्याकडे पळाला. दार उघडलं तर आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या खुर्च्या.

मग दोघं धावत माझ्यासमोर आली.

जगन सातवी शिकलेला. त्याने वरून वाचायला सुरुवात केली. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

"वाच ना रे लवकर! आग आग होतंय!"

"वयनी, सगळं इंग्रजीतच हाय. दवाखाना कुठं लिवलाय तेच कळत नाय."

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, खालून दुसरी ओळ, उजवीकडे वळा, तीस पावलांवर! पण मी बोर्ड. जे लिहिलंय तेवढंच बोलणार.

इतक्यात साहेब आणि कुमुद मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आले. आणि मित्रांनो, जनीताईने काय करावं? तिने तो भाजलेला हात पदराखाली लपवला आणि बाजूला सरून उभी राहिली. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून. मॅडमना वाटलं, ही पाहुण्यांना मान द्यायला उभी आहे. त्या तिच्याकडे बघून हसल्या आणि पुढे गेल्या.

सगळे पाहुण्यांमागे गेलेले, विचारायलाही कोणी नव्हतं. दोघांनी उलट्या बाजूने अख्ख्या इमारतीला वळसा घातला. दवाखाना सापडायला वीस मिनिटं लागली. तोवर हात सुजून बोटातली अंगठी मांसात रुतली होती, ती कापून काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, लगेच आली असती तर बरं झालं असतं. जखम भरली, पण दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत.

महिन्याने ती कामावर आली तेव्हा साहेबांनी माझ्यासमोरच चौकशी केली. "बोर्ड तर इथे समोरच होता. वाचला का नाही?"

जनीताईने मान खाली घातली. "चूक माझीच, साहेब. मला इंग्रजी येत नाय."

त्या क्षणी हुक तुटून मी खाली पडलो असतो तर बरं झालं असतं. हात तिचा भाजला, आणि लाजही तिलाच वाटत होती! चूक माझी होती. बोर्ड असून ज्याला गरज त्यालाच मी कळलो नाही, आणि वर मिरवत होतो.

साहेबांसोबत आलेल्या कुमुद मॅडम रडवेल्या झाल्या होत्या. "नाही, जनीताई. हे शब्द मी लावले. त्या दिवशी तुम्हाला इथे उभं बघून मी हसले. चूक माझी आहे."

साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "उतरवा तो."

मला उलटं केलं. बारा वर्षांपूर्वीची अक्षरं उजेडात आली, पण आता दवाखान्याचा बाण जुन्याच जागेकडे दाखवत होता. काशीरामला बोलावलं. तोच बसला सगळं नव्याने रंगवायला. "पहिल्या ओळीत काय घालू?" त्याने विचारलं. सगळ्यांनी जनीताईकडे पाहिलं.

"दवाखाना," ती म्हणाली. "आणि तुजी ती फुली बी काढ."

तर मित्रांनो, एखाद्या पाटीसमोर कोणी मुकाट उभं दिसलं तर हसून पुढे जाऊ नका. थांबा, कुठे जायचंय ते विचारा. आणि उद्या तुम्ही पाट्या लिहाल तेव्हा, ती कोणाला वाचायची आहे ते आधी बघा.

आता नवीन कोणी कामाला लागलं की जनीताई त्याला आधी माझ्यासमोर आणते. "हे बघ, पयलं हे ध्यानात ठेव," म्हणते आणि ते न वाकणारं बोट लाल फुलीवर टेकवते. माझी अक्षरं आता बरोबर आहेत, बाणही बरोबर आहेत. तरी ते बोट लागलं की मला लाज वाटते.