खिंडीखालचे सात दगड

मुकादमाचा सोमवार ठरलेला असे. शनिवार-रविवारी हौशी मंडळी डोंगरावर येत, फोटो काढत आणि जाताना दगडावर दगड रचून ठेवत. कशासाठी, ते देवालाच ठाऊक. पण राष्ट्रीय वनातल्या त्या कड्यांवर वाटेच्या खुणाही दगड रचूनच केलेल्या. धुक्यात कुणी भलत्याच राशीमागे गेला की सरळ दरीत. म्हणून मुकादम सोमवारी वर जायचा आणि वनखात्याच्या खुणा सोडून दिसेल ती रास लाथेने पाडायचा. एकतीस वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं. हाताखालचे लोक पाठीमागे त्याला 'लाथाळ मुकादम' म्हणत. ते त्याच्या कानावर होतं, आणि मनातून आवडायचंही.

यंदा खात्याने जुन्या टपालवाटेवर इतिहासाची पाटी लावायचं काढलं. वन जाहीर होण्याआधी त्या खिंडीतून हरकारे पायी टपाल नेत. त्यातल्या शेवटच्या हरकाऱ्याची लेक हयात निघाली, सत्तरीला टेकलेल्या निवृत्त मास्तरीणबाई. माहिती हवी तेवढी देते, म्हणाल्या, पण बाबा गेले ती जागा मला एकदा दाखवा. साहेबांनी मुकादमाला सोबत धाडलं.

बाई भलत्याच चिवट. चढ चढतानाही तोंड चालूच. बाबा धुक्यात कड्यावरून गेले. थैली तेवढी सापडली, माणूस नाही. त्या सकाळी घरात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि आई रागाच्या भरात 'परत येऊ नका' म्हणून बसली होती. थैली सापडली तिथे तिने सात चपटे दगड रचले, वर घरून नेलेली पांढरी गारगोटी ठेवली. मग दरवर्षी एकटीच जाऊन यायची.

गारगोटी म्हटल्याबरोबर मुकादम चढता चढता थबकला. त्या डोंगरधारेवर गारगोटी औषधालाही मिळत नाही. नोकरीच्या सुरुवातीला अशीच एक रास त्याच्या डोक्यात गेली होती. पाडावी, की पुढच्या वर्षी पुन्हा उभी, वर तस्सा पांढरा दगड. कोण हा शहाणा, म्हणून तो दातओठ खायचा. सातव्या वर्षी त्याने एकेक दगड उचलून दरीत भिरकावला, गारगोटीसकट. त्यानंतर तिथे रास दिसली नाही, आणि कशी खोड मोडली म्हणून त्याने चारचौघांत फुशारकीही मारली होती.

खिंडीखालच्या वळणाशी बाई थांबल्या. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा सगळीकडे पाहिलं.

"आई म्हणायची, दरवर्षी रास पडलेली असते," त्या म्हणाल्या. "शेवटी तर दगडच राहिले नाहीत. इथे वारा फार असेल, नाही?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाई समाधानाने उतरल्या असत्या, पाटी लागली असती आणि पाच महिन्यांनी मुकादम पेन्शनीत निघाला असता. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती.

"वारा नाही, बाई. मी पाडायचो. शेवटी दरीत टाकले तेही मीच. नियम होता, पण हे कुणाचे दगड म्हणून मी कधी विचारलं नाही."

बाईंनी काठीने समोरची मोकळी जमीन चाचपली.

"वारा असेल, असं मी आईला समजवायचे," मग त्या म्हणाल्या. "तिला पटायचं नाही. तिला वाटायचं, बाबाच पाडतात. अजून रागावलेत. दगड गेले त्या वर्षापासून तिने इथे यायचं सोडलं, आणि जाईपर्यंत तेच मनात धरून बसली."

उतरणीचा पहिलाच टप्पा निसरडा, म्हणून मुकादमाने सवयीने हात पुढे केला. बाईंनी तो पाहिला, काठी टेकली आणि बसत-घसरत एकट्याच उतरू लागल्या. तो चार पावलं मागे राहून चालला.