कापलेली पिन

माझ्या भावाला वस्तू विकत घेता येतात आणि त्यांच्याविषयी बोलता येतं. तिसरं काही येत असल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मोटरहोम घेतलं तेव्हा त्याने सगळ्या नातेवाइकांना एकेक करून आत चढवलं. इथे पलंग उघडतो, हा ओटा, ही न्हाणी, हा गिझर. मखमली पडदे, छताला निळे दिवे. वायरिंग कुठून नेलंय असं मी विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, तुला राजवाड्यात नेलं तरी तू गटारच बघणार."

मी अशाच गाड्यांच्या वायरिंगची कामं करते. माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. गटार बघण्यावरच माझं पोट चालतं. पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण तोवर तो मावशीला पडदे उघडून दाखवायला लागला होता.

त्यानंतर त्याचा फोन आला तो थेट काही महिन्यांनी. "ताई, एक छोटंसं काम होतं." जे काम स्वतःला येत नाही त्याला तो छोटंसं म्हणतो.

झालं होतं असं, की मागच्या सहलीत मुक्कामाच्या जागी अचानक व्होल्टेज चढलं आणि शेजारच्या गाडीतला फ्रिज आणि टीव्ही, दोन्ही जळाले. याची गाडी वाचली, कारण हा तेव्हा प्लग काढून पेट्रोल भरायला गेला होता. नशीब नेहमी अशाच माणसांच्या मागे लागतं. घरी येऊन त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि चढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा डबा, सर्ज प्रोटेक्टर, मागवला.

"अर्ध्या तासाचं काम आहे म्हणतात," तो म्हणाला.

"मग कर की."

"अगं, माझी पाठ धरलीय."

त्याची पाठ शाळेत असल्यापासून धरलेली आहे. मी गेले ती आईसाठी. तिला घेऊन तो आता लांबच्या प्रवासाला निघणार होता. वहिनीने हात वर केले होते, मला हॉटेलच बरं म्हणाली. त्या घरात शहाणं माणूस ते एकच.

गाडी अंगणात उभी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली जाड केबल गाडीच्या कुशीत खोचलेली. आई सावलीत खुर्ची टाकून बसली होती. मला पाणी द्यायला उठली, आणि गाडीचं दार उघडताना तिने हाताला रुमाल गुंडाळला.

"हे काय?"

"मुंग्या येतात गं हाताला. वय झालं."

"नसांचा त्रास आहे," भाऊ मध्येच बोलला. "मीच डॉक्टरकडे नेलं होतं. गोळ्या चालू आहेत."

"घरातल्या दारांना येतात मुंग्या?" मी आईला विचारलं.

"नाही, इथेच."

"ताई, तू वायरी जोडायला आलीयेस ना? मग डॉक्टरकी कशाला?"

माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण मी वाद घातला नाही. हातातला प्रोटेक्टर वीज सोडण्याआधी जोडणीतला दोष स्वतःच दाखवतो, आणि यंत्राला तो 'तुला काय कळतं' म्हणू शकत नव्हता. त्याला स्वयंपाकघरात जाऊन प्लग काढायला सांगितलं. तेवढं त्याने केलं.

बॅटरी आणि इन्व्हर्टर बंद करून मी पलंगाखालची फळी उघडली. बाहेरची केबल जिथे गाडीत शिरते तिथून आतल्या फ्यूजबोर्डापर्यंत जाणारी वायर त्या पोकळीत होती. तिच्यावर जुने मोजे, एक छत्री आणि बिस्किटांचा पुडा. सगळं बाहेर काढलं. वायर मध्ये कापली, टोकं सोलली, कनेक्टर दाबले, प्रोटेक्टरचा डबा लाकडाला स्क्रूने पक्का केला, एका बाजूला येणारी वायर आणि दुसऱ्या बाजूला जाणारी, असं आवळून घेतलं. त्याचा छोटा डिस्प्ले दाराशेजारी लावला. भाऊ तेवढा वेळ दारात उभा राहून व्हिडिओतला माणूस हे कसं करत होता ते मला सांगत होता.

"जा, आता लाव प्लग."

हा डबा लगेच वीज सोडत नाही. आधी तपासतो, मग सोडतो. आम्ही वाट पाहिली. लाल दिवा लागला. डिस्प्लेवर आलं, अर्थिंग नाही.

"डबाच खराब निघाला," भाऊ म्हणाला. "परत पाठवतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन प्लग उपसला. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन नव्हती. करवतीने कापून वरून कानससुद्धा मारली होती. जन्मात एकदा त्याने हाती घेतलेलं काम नीट पुरं केलं होतं, आणि ते हे.

प्लग मी त्याच्या नाकासमोर धरला. "हे कोणी केलं?"

"मी," तो म्हणाला, आणि आवाजात चक्क अभिमान होता. "गाडी जोडली की घरातला ब्रेकर पडायचा. खूप डोकं लावलं. शेवटी पिन उडवली, ब्रेकर पडायचा बंद."

"ब्रेकर पडत होता कारण गाडीत कुठेतरी करंट पत्र्यात उतरतोय. तो बोंबलून सांगत होता, तू त्याचं तोंड बांधलंस. आता तोच करंट पत्र्यात बसून राहतो. जमिनीवर उभं राहून दार धरणारं माणूस मिळालं की त्याच्यातून जातो."

"मला तर कधी काही झालं नाही."

"तू बूट घालून उडी मारून चढतोस. आई दार धरून चढते."

त्याने आईकडे पाहिलं, मग प्लगकडे. मला वाटलं आता तरी काही बोलेल. बोलला. म्हणाला, "पण गोळ्यांनी फरक पडला होता तिला."

"गोळ्यांनी नाही," आई म्हणाली. "रबरी चपला घातल्या की कमी यायच्या."

"तुला कळलं होतं?"

"मी काय खुळी आहे? दार धरलं की मुंग्या, सोडलं की गेल्या. याला कुठलं वय लागतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर याने घाबरून गाडी विकली असती. नाहीतर तुला बोलावलं असतं आणि तू त्याला सोलून काढलं असतंस. मग मला फिरायला कोण नेणार होतं?"

"अगं, मेली असतीस."

"तुम्ही दोघंही बापावर गेलात," ती शांतपणे म्हणाली. "याला काही दिसत नाही, आणि तुला दुसऱ्याच्या चुकीखेरीज काही दिसत नाही. पण हा निदान विचारतो, आई, येतेस का. तू कधी विचारलंस?"

भाऊ आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता, बक्षीस मिळाल्यासारखा. मी नवा प्लग लावायला घेतला.

डब्याने तपासून वीज सोडली आणि ब्रेकर पडला, पडायलाच हवा होता. गाडीतली एकेक वस्तू बंद करत गेले. गिझर बंद केला तेव्हा ब्रेकर टिकला. गिझरच्या आतली कॉइल फुटून पाण्यात करंट सोडत होती. भावाला नवी आणायला पाठवलं. तो चुकीच्या मापाची घेऊन आला. पुन्हा पाठवलं, या वेळी जुनी हातात देऊन.

संध्याकाळी हिरवा दिवा लागला. मीटर लावून पत्रा तपासला, मग स्वतः अनवाणी उभी राहून दार धरलं. मग आईने चपला काढल्या. तिने दाराची कडी हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

"गार लागतंय नुसतं," ती म्हणाली.

ते निघून गेल्यावर चारच दिवसांनी फोन. "तुझा डबा करंट देत नाहीये. इथे बाकी सगळ्यांचे दिवे लागलेत."

"तिथे ज्या विजेच्या खांबाला गाडी जोडलीस त्याला अर्थिंग नसेल. दुसऱ्या खांबाला लाव."

"म्हणजे इथली सगळी माणसं मूर्ख आहेत का?"

"हो."

थोड्या वेळाने पुन्हा वाजला. "झालं चालू. वरून दोन थपडा मारल्या मी."

"आणि खांब?"

"तो पण बदलला. पण थपडांनी झालं."

"आई कशी आहे?"

"मजेत. शेजारच्या बायकांशी पत्ते खेळतेय. पुढच्या मुक्कामाला तूही ये म्हणते."

मी म्हटलं, "त्या गाडीत मी झोपायचं असेल तर आधी सांग, शेगडीची गॅसची नळी कोणी बसवलीय?"

"मीच," तो म्हणाला. "अगदी सोपं असतं ते."

मी त्याला सिलिंडर बंद करायला लावला, फोन कानाला तसाच ठेवून हत्यारांची पेटी उचलली आणि पत्ता विचारला.