मशीनमधून काढलेला तवा

तव्याचं काय होऊन बसलंय ते मोल्डरला कळलं एका रविवारी सकाळी. त्याची थोरली मेहुणी न सांगता आली आणि चहा टाकायला थेट स्वयंपाकघरात शिरली. बायको जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

"भावोजी," तिनं आतून हाक मारली, "हा कुणाचा तवा आणून ठेवलाय?"

"कुणाचा म्हणजे? तिचाच."

"सकाळी सकाळी थट्टा नको."

तो उठून आत गेला. फळीवरचं वर्तमानपत्रातलं पुडकं तिनं सोडलं होतं. तवा ओट्यावर होता. करडा, स्वच्छ, कडेला दोन ठिकाणी तांबूस गंज धरलेला.

"तिचाच आहे, ताई. मी साफ करून आणला. नवा दिसतोय की नाही?"

हे बोलताना त्याला खरोखर अभिमान वाटत होता. तो चौतीस वर्षं एकाच फाउंड्रीत मोल्डर होता. वाळू दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं बीड ओतायचं, हेच काम. हा तवाही बिडाचाच. बायकोला तिच्या आईकडून मिळालेला, आईला तिच्या सासूकडून. त्याच्या आधीचं कुणाला माहीत नव्हतं. बायको त्याला तव्याला हात लावू देत नसे. घासायचा नाही, भिजत ठेवायचा नाही, जेवणं झाली की फडक्यानं पुसून ठेवायचा. बाहेरून त्याच्यावर काळी पुटं चढली होती, आतून तो डांबरासारखा काळा होता. "माझी कास्टिंगं अशी गेली तर साहेब मला घरी बसवेल," असं तो म्हणे. त्यावर ती म्हणे, "तुमच्या कास्टिंगांच्या मशीनी भंगारात गेल्या. माझा तवा शेगडीवर आहे."

ती दवाखान्यात असताना त्याच्या मनात आलं की ती घरी येईल तेव्हा तवा चकचकीत दिसावा. त्यानं तो डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेला आणि शॉट ब्लास्टच्या मशीनमध्ये टाकला. साच्यातून निघालेल्या मालावर बारीक पोलादी छर्‍यांचा मारा करून चिकटलेली वाळू उडवायचं ते मशीन. दहा मिनिटांत तवा पहिल्या दिवशी साच्यातून निघाला असेल तसा होऊन बाहेर आला.

मग तो कितीतरी वेळ तव्याकडे बघत उभा राहिला. बीड इतकं पातळ आणि सगळीकडे सारखं, की आज कुणाला तसं ओतून दाखव म्हटलं तर तो हात जोडेल. वाळूचा खरखरीतपणा कुठे नाही. दांड्याच्या बुडाशी साच्याच्या दोन अर्ध्यांचा सांधा केसाएवढा. आणि पालथ्या बाजूला, इतकी वर्षं पुटांखाली दडलेला, एक अंगठ्याचा ठसा. साचा तिथे ढासळला असणार आणि कुणा मोल्डरनं बोटानं वाळू दाबून तो सावरला असणार. त्यालाही हजार वेळा तसं करावं लागलं होतं. हा ठसा तिला दाखवायचा, असं ठरवून त्यानं तवा कागदात गुंडाळला. ती घरी आलीच नाही. त्यानंतर त्यानं पुडकं उघडलं नव्हतं.

मेहुणीनं सगळं ऐकून घेतलं आणि ती स्टुलावर बसली.

"म्हणजे तुम्ही तो खरवडलात."

"घाण होती ती, ताई."

"घाण! त्या घाणीवर तुम्ही रोज सकाळी दोन अंडी हाणलीत. एक तरी कधी चिकटलं?"

त्याला आठवेना. अंडं चिकटतं, हेच त्याला माहीत नव्हतं.

"तेल तापून तापून बसतं ते," मेहुणी म्हणाली. "एकावर एक. खालचं आईचं, वरचं तिचं. तिचं एकतीस वर्षांचं." तिनं तवा पुढ्यात ओढला. "तुम्ही दहा मिनिटांत उडवलंत."

मोल्डर गॅलरीत गेला. दवाखान्यात तो रडला नव्हता, घरी भेटायला येणार्‍यांसमोरही नाही. तिथे, वाळत घातलेल्या आपल्याच दोन शर्टांच्या मागे उभा राहून तो रडला. बराच वेळ रडला. तोंड धुऊन आत आला तेव्हा मेहुणीनं चहा गाळला होता.

"ते परत येतं का?"

"काय?"

"तव्यावरचं."

"येतं. वेळ लागतो."

"किती?"

"का, तुम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

तो हसला. मग त्यानं तवा दांड्याला धरून उचलला आणि बोटाच्या पेरानं वाजवला. तडा असेल तर बीड बद्द वाजतं. तवा घंटेसारखा वाजला. निदान बिडाचं आपण काही बिघडवलं नाही, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला.

त्या दिवशी मेहुणीनं त्याला शिकवलं. गंज काढायचा, तवा कोरडा तापवायचा, तेल लावायचं. त्यानं पळीभर तेल ओतलं तेव्हा ती ओरडली, "साचा भरताय का? लावा, आणि मग लावलंच नव्हतं असं पुसून काढा!" ती गेल्यावर त्यानं आपल्या बुद्धीनं जरा जास्तच तेल लावलं. सगळा तवा गोंदासारखा चिकट झाला. फोनवर मेहुणी म्हणाली, "आता त्याला माश्या पकडायला टांगा." चिकटा खरवडून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तेलाच्या पाचव्या हाताला तवा तपकिरी झाला, नवव्याला काळा. त्यानं मोठ्या खुशीत फोन केला.

"काळा झाला ना? छान," ती म्हणाली. "पण तिच्या तव्यासारखा व्हायचा तर त्यावर रोज काहीतरी शिजायला हवं. नुसतं तेल पाजून भागत नाही."

इथे गाडी अडली. बायको गेल्यापासून तो कारखान्याच्या कँटीनमध्ये जेवत होता आणि रात्री पाव-दूध खाऊन झोपत होता. शेगडी पेटायची ती चहापुरती. उभ्या जन्मात त्यानं अंडं फोडलं नव्हतं. पहिल्या दिवशी निम्मं अंडं टरफलासकट तव्यात गेलं आणि निम्मं ओट्यावर. तव्यातलं उलथन्यानं उकरून खावं लागलं. दुसर्‍या दिवशीही तेच. तिसर्‍या दिवशी त्यानं आधी कांदा परतला, मग बटाट्याच्या चकत्या. पुसताना फडकं थोडं कमी अडकलं.

रोज सहाच्या ठोक्याला तो शेगडी पेटवतो. तवा आधी धिम्या आचेवर तापू देतो. बिडाला घाई चालत नाही हे त्याला कारखान्यात चौतीस वर्षं माहीत होतं, घरात आत्ता कळलं. एकदा तापला की तवा ऊब सोडत नाही. शेगडी बंद केल्यावरही दुसरं अंडं त्याच्यावर होतं. आपल्या पातेल्यांना चार वर्षांत पोचे येतात, कान निखळतात. याला शंभर वर्षांत कुणी काही करू शकलं नाही. त्यानंही नाही.

आता चौथा महिना चालू आहे. कडेला अंडं आपोआप सुटतं, तवा नुसता हलवला तरी. मध्यावर, बशीएवढ्या जागेत, अजून चिकटतं.