हावोड वेन

वर्ना प्रिचर्डनं घराण्याच्या बायबलचं, पूर्वजांची नावं लिहिलेलं पहिलं पान टेबलावर उघडलं. शेजारच्या खुर्चीवर तिच्याच शालीत गुंडाळलेला वडिलांच्या राखेचा डबा होता. पेन्सिल्व्हेनियाहून वेल्सच्या या गावापर्यंत तिनं तो मांडीवरच आणला होता, झोपलेल्या बाळासारखा.

"पणजीचं घर म्हणून एवढंच लिहिलंय. हॅविडविन. अख्ख्या वेल्सच्या नकाशात असं काही नाही. बाबांना तिथल्याच मातीत ठेवायचंय."

चॅपेलमागच्या खोलीत चहा ओतणाऱ्या नेस्टाबाईंनी चष्मा चढवला. अमेरिकेत गेलेल्यांची असली मोडकी नावं उलगडून देण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"पानाकडे बघूच नको, पोरी. लिहिणारा परका, कानाला आलं ते खरडलं मेल्यानं. बाबा कसं म्हणायचे, ते म्हण."

वर्नानं डोळे मिटले. "हावोड वेन."

किटली क्षणभर हवेतच थांबली. ते नेस्टाबाईंचंच घर होतं. पणजी कोण, तेही त्यांना ठाऊक होतं: लग्नाआधी दिवस गेले म्हणून भर चॅपेलात उभं करून जिचं नाव तिथल्या वहीतून खोडलं, ती. तिला घराबाहेर घालवणारा तिचा सख्खा भाऊ, आणि त्याच्याच नातवाशी नेस्टाबाईंचं लग्न झालेलं.

"धरणाखाली गेलं गं ते," त्या म्हणाल्या. "साखर किती घालू?"

त्याच दुपारी वर्ना धरणावर गेली. वारा उलटा होता. निम्मी राख तिच्याच कोटावर आली, तीही तिनं हलक्या हातानं निपटून पाण्यात सोडली.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर ती आभार मानायला चॅपेलच्या दारात थांबली. गावात नेस्टा जोन्स तिघी, म्हणून ज्याला त्याला घराच्या नावानं हाक मारायची रीत. पोस्टमन एम्रिस फाटकातूनच ओरडला, "ए नेस्टा हावोड वेन! तुझ्या मेंढ्या परत माझ्या कोबीत! यंदा मटण मीच खाणार हां!"

सगळे हसले. वर्ना नाही हसली.

"कुठंय ते घर?"

"ते काय, टेकडीवरचं पांढरं." नेस्टाबाई हातमोजे घालत होत्या. "नाव खोडलेल्यांना आमच्यात परत घेत नाहीत, बाई."

"बाबांनी तुमचं काय केलं होतं?"

"काही नाही."

"आता पाण्यातून त्यांना कसं काढू मी?"

"कडक उन्हाळा पडला की आटतं धरण," नेस्टाबाई म्हणाल्या. "तेव्हा ये." आणि कोबीचं विचारायला त्या एम्रिसकडे वळल्या.