सावकाश लिहिणारी काळी पाटी

मी काळी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे हो, फुलांच्या शीतगृहातल्या संगणकाची. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, एवढाच माझा संसार. पण कान मात्र सगळीकडे! मालकांची लेक नवऱ्याशी कधीपासून बोलत नाही, तेही मला ठाऊक.

माझी प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही. देशोदेशीच्या हौशी माणसांनी ती लिहिली आणि फुकट वाटली. ज्याला हवं त्यानं उघडावी, बदलावी. त्यांनीच मला जुना ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटवणारा छोटासा प्रोग्राम दिला, अगदी सख्ख्या भावासारखा. मी नुसतं अक्षर सांगायचं, की हा ते उमटवून मोकळा. ढीगभर ओळी आल्या तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत सरसर वर जायच्या.

मग मालकांचे जावई आले.

"बाबा, किती कळकट दिसतंय हे! असं नटवतो, गिऱ्हाईक बघत राहील."

"जावईबापू, गुलाबांची ऑर्डर मिळवा. मग दुकानाच्या बोर्डावर तुमचंही नाव."

झालं! जावयानं नवा ग्राफिक्स ड्रायव्हर घातला. आता प्रत्येक अक्षर ठिपक्याठिपक्यानं रंगवायचं, आणि ओळ वर सरकली की सगळा पडदा पुन्हा रंगवायचा. त्यानं एकच ओळ लिहून पाहिली, 'झकास!' म्हणाला आणि माझ्या भावाला पुसून टाकलं. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, थांब लेका.

सजावटवाल्या बाई गुलाब बघायला आल्या. थंड खोलीचं दार सताड उघडं. बाईंवर छाप पाडायला जावयानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, वर सुरू होतानाचे सगळे संदेश पडद्यावर दाखवायची आज्ञा दिली. ओळ पूर्ण उमटल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही, आणि यंत्र उठल्याशिवाय गारवा सुरू होत नाही.

मी काहीच वाकडं केलं नाही. दिलेलं काम केलं. सावकाश. सुबक.

"हे असं का रांगतंय?" मालकांनी विचारलं.

"होईल हो, बाबा." घाबरून त्यानं बटण दाबून यंत्र पुन्हा चालू केलं. मीही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली!

तोवर उघड्या दारातून दुपारची झळ आत शिरली आणि मिटलेल्या कळ्या एकेक करून उमलू लागल्या.

"मला कळ्या हव्या होत्या," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "ही फुलं उद्यापर्यंत गळतील."

मालकांनी जावयाकडे पाहिलंही नाही. लेक दारातून म्हणाली, "बोर्ड रंगवायला सांगितलाय, तो थांबवू का?" इतक्या दिवसांनी नवऱ्याशी बोलली, तेही हेच!

आता तो एकटाच माझ्यासमोर बसलाय. माझ्या भावाला परत आणायची आज्ञा लिहितोय. अक्षर उशिरा दिसतं, म्हणून धीर न धरता तीच कळ दोनदा दाबतो. अक्षरं दुप्पट होतात, आज्ञा चुकते, पुन्हा पहिल्यापासून.

पाय धर म्हणत नाही मी, बाळा. भाऊ परत दे, सगळं विसरेन. तोवर 'चूक' हा शब्द मी तुला ठिपक्याठिपक्यानं, फार सुंदर लिहून दाखवीन.