पाच मिनिटं चालणारं मशीन

बक्षीस म्हणून गवत कापायचं मशीन मिळालं, आणि तेही अशा वर्षी, की दात कोरायला काडी हवी तरी शेजारच्या गावाला जावं लागत होतं. स्वच्छ दुधाबद्दल जगदंबा महिला दूध सोसायटीचा पहिला नंबर आला होता. शिवकन्या त्या सोसायटीची सचिव. सत्काराला ती ठेवणीतली साडी नेसून गेली. तिला वाटलं होतं, दुधाचे चार कॅन देतील, अगदीच काही नाही तर भिंतीवरचं घड्याळ कुठं गेलं नाही. दिलं ते लालभडक, चार चाकांचं, बंगल्यापुढची हिरवळ कापायचं पेट्रोलवरचं मशीन. देणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते देवच जाणे. युसूफवडगावच्या बाजारात ज्यानं पाहिलं तो हसला आणि विकून टाका म्हणाला. शिवकन्येनं मशीनवर गोधडी टाकली आणि तो विषय बंद केला.

गावात सोसायट्या दोन होत्या. एक जगदंबा, दुसरी नवी जगदंबा. नवी जगदंबा काढली होती केसरबाईनं, म्हणजे शिवकन्येच्या सख्ख्या थोरल्या जावेनं. तीन वर्षांपूर्वी केसरबाईच्या दुधाची फॅट कमी लागली. फॅटच्या मशीनवर शिवकन्या बसलेली. केसरबाई म्हणाली, तू मुद्दाम कमी लावलीस; शिवकन्या म्हणाली, तुमच्या म्हशीला विचारा. झालं. केसरबाई अर्ध्या बाया घेऊन बाहेर पडली आणि त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. काही सांगायचंच असलं तर सासूच्या तोंडून. सासू दगडाबाई मध्ये बसायची आणि दोन्हीकडचे निरोप पोचवायची, तेही दोघी एकमेकींपासून चार हातांवर उभ्या असताना.

तर त्या फाल्गुनात वनखात्यानं माळावरचं राखीव कुरण एक दिवस खुलं केलं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ज्यानं जेवढं कापलं तेवढं त्याचं. गार्ड आश्रुबानं शिट्टी मारली की विळा खाली. गावातला कडबा संपला होता. गावात चारा छावणी मंजूर झाली होती, पण उघडायला तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांचं गवत मिळालं तर म्हशी दावणीला राहणार होत्या. नाही मिळालं तर त्या लांबच्या छावणीला न्यायच्या, बायांनी तिथंच पाल टाकून राहायचं, आणि सोसायटीला कुलूप. शिवकन्येला त्या कुलपाच्या विचारानंच जेवण जाईना.

मग तिनं गोधडी काढली. कुरणातलं गवत यंदा जेमतेम वीतभर होतं. वीतभर गवत मुठीत धरून विळ्यानं कापता येत नाही, ते तिनं जाऊन पाहिलं होतं. पण बंगल्यापुढची हिरवळ तरी केवढी असते? वीतभरसुद्धा नाही. शिवकन्येला एकदम आनंदाच्या उकळ्या फुटल्या. निघायच्या आधी तिनं मशीनची यथासांग पूजा केली. हळद-कुंकू पाण्यात कालवून मशीनच्या डोक्यावर चांगलं थापून लावलं, तांदूळ चिकटवले, नारळ फोडला. मशीनचं डोकं म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं काळं झाकण. दुसरं डोकं दिसत तरी कुठं होतं?

मशीन चालवायला धाकटा दीर सुग्रीव. तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, त्यामुळे जगातलं कुठलंही इंजिन आपल्याला कळतं असा त्याचा समज होता. त्यानं दोरी ओढली. मशीन गरजलं आणि कुरणात शिरलं, मागच्या पिशवीत भुर्रकन गवत जमायला लागलं. जगदंबाच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडं नव्या जगदंबाच्या बाया विळे हातात धरून बघत राहिल्या.

पाच मिनिटं झाली. मशीनचा आवाज वर-खाली व्हायला लागला. भुक्‌, भुक्‌, मग जोरात, मग पुन्हा भुक्‌. उचकी लागल्यासारखं करून ते गप्प झालं.

"प्लग," सुग्रीव म्हणाला. त्यानं प्लग काढला, घासला, फुंकला, बसवला. दोरी ओढली, मशीन सुरू. "बघा वहिनी, प्लगच होता." पाच मिनिटांनी उचकी, मशीन बंद.

"धूळ लई हाय. फिल्टर चोंदलाय." फिल्टर झटकला. मशीन सुरू. सुग्रीवनं मिशीला पीळ दिला. पाच मिनिटांनी बंद.

मग कार्बोरेटर. तो खोलून, पुसून, बसवून होईपर्यंत अर्धा तास गेला. मशीन सुरू झालं, सुग्रीवचा चेहरा खुलला, आणि पाच मिनिटांत दोघंही पडले. म्हणजे मशीन बंद पडलं आणि चेहरा. गंमत अशी की त्यानं काहीही केलं तरी मशीन सुरू व्हायचं. नुसतं शिव्या देऊन झाल्यावरसुद्धा एकदा झालं. त्यामुळे दर वेळी त्याला रोग सापडायचा आणि दर वेळी तो रोग दुसराच असायचा.

"कावून बंद पडतंय बे?" आश्रुबा शिट्टी हलवत विचारून गेला.

"पेट्रोलमधी पाणी हाय," सुग्रीव म्हणाला.

"पाणी? यंदा?" आश्रुबा म्हणाला आणि बाभळीखाली जाऊन बसला.

दगडाबाईचं निदान वेगळं होतं. मशीनला दृष्ट लागली. तिनं मीठमिरच्या ओवाळल्या आणि शिवकन्येच्या ताटातलं उरलेलं ओलं कुंकू मशीनच्या डोक्यावर आणखी एक बोट जाड थापलं. त्यानंतर मशीन तीनच मिनिटं चाललं.

सूर्य डोक्यावर आला. जगदंबाची एक गाडीही भरली नव्हती. सगळ्यांचं हसं अंगावर घेऊन आपण हे मशीन ठेवलं, आणि आता आपल्याच हट्टापायी सोसायटीच्या सतरा म्हशी गाव सोडणार, असं शिवकन्येला वाटायला लागलं. पलीकडं केसरबाई कंबरेवर हात ठेवून सुग्रीवकडं टक लावून बघत होती. सुग्रीवनं पेट्रोल बघायला टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स' असा आवाज झाला. त्याचं लक्ष नव्हतं. केसरबाईचं होतं.

तिनं गप्प राहायला हवं होतं. मशीन बंद राहिलं असतं तर सगळं कुरण तिच्याच बायांचं होतं. पण डोळ्यांदेखत अडाणीपणा चाललेला बघून गप्प बसणं केसरबाईच्या रक्तात नव्हतं.

"आत्याबाई," ती दगडाबाईला म्हणाली, पण एवढ्या मोठ्यानं की अर्ध्या माळाला ऐकू जावं, "तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडतं का वो?"

"न्हाई पडत. थेंब थेंब करतं अन् अडतं," दगडाबाई म्हणाली. "हवेला दुसरं भोक लागतंय."

"मग ज्यांनी हवेच्या भोकावर कुंकवाचं लिंपण केलंय त्यांना सांगा."

शिवकन्या झाकणापाशी वाकली. हळद, कुंकू आणि तांदूळ वाळून कडक झाले होते. तिनं पदरानं घासलं, तर खालून सुईएवढं एक भोक निघालं. आत हवाच जात नव्हती, तर पेट्रोल खाली उतरणार कसं? सुग्रीव प्लग घासेपर्यंत फटीतून थोडीफार हवा शिरायची, तेवढ्यावर पाच मिनिटं निघायची. सकाळपासून तिनं सुग्रीवला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती, आणि मशीनचा गळा आवळला होता तिच्याच पूजेनं. तिला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेचं इतकं हसू आलं, की ती गवतात बसकण मारून पोट धरून हसली. मग बांगडीला अडकवलेली पिन काढून तिनं भोक साफ केलं.

त्यानंतर मशीन थांबलंच नाही. सुग्रीव दमला तेव्हा शिवकन्येनं धरलं. पिशव्या रिकाम्या होत गेल्या, एक गाडी भरली, दुसरी भरली, बाया गाडीवर चढून गवत तुडवायला लागल्या. ऊन कललं तेव्हा जगदंबाच्या तीन आठवड्यांच्या गवताचं काम झालं होतं.

नव्या जगदंबाची मात्र अर्धीच गाडी होती. वीतभर गवतानं बायांची बोटं सोलून निघाली होती. त्यांच्या एकोणीस म्हशी तेवढ्यावर आठवडाही काढणार नव्हत्या.

शिवकन्येनं मशीन वळवलं आणि थेट केसरबाईच्या बाजूला घातलं. पिशवी भरली तशी तिनं ती केसरबाईच्या गाडीत ओतली, मशीन थांबवलं आणि सासूकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, त्यांना म्हणावं, पडीक जमीन दिसली म्हणून कापलं."

"आत्याबाई, तिला म्हणावं, मी मागितलं नव्हतं," केसरबाई म्हणाली.

"आत्याबाई, त्यांना म्हणावं, हवेचं भोक तरी मी कुठं मागितलं होतं?"

दगडाबाईनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. "तीन वर्सं झाली," ती म्हणाली. "मी काय टपालवाला हाय का तुमचा? मी झोपले." आणि खरोखरच पदर तोंडावर ओढून ती बाभळीखाली आडवी झाली.

आता बोलणार कुणाला? सूर्य डोंगराला टेकला होता. केसरबाई पुढं झाली, तिनं शिवकन्येच्या हातातून मशीनचा दांडा काढून घेतला, दोरी ओढली, आणि मशीन सुटलं. केसरबाई त्याच्यामागं पळत सुटली. पन्नाशीची बाई, नऊवारीचा काष्टा सावरत, डोक्यावरचा पदर मागं उडालेला, हसताना सगळे दात दिसतायत. शिवकन्या दुसरी रिकामी पिशवी घेऊन तिच्यामागं धावली. बाया विळे टाकून ओरडायला लागल्या, सुग्रीव नाचायला लागला.

आश्रुबानं शिट्टी मारली. मशीनच्या आवाजात केसरबाईला ती ऐकू आली नाही. त्यानं पुन्हा मारली, मग गाल फुगवून मारत मारत तो त्यांच्यामागं पळायला लागला. शिवकन्येला शिट्टी स्वच्छ ऐकू येत होती. हात पुढं केला असता तर इंजिन बंद करता आलं असतं. कुरण संपायला एकच पट्टा राहिला होता. तिनं धावता धावता केसरबाईच्या कानाशी तोंड नेलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "आक्का, मागं बघू नका, वळवा."